पाय पसरायला जागा

माणूस कसा बसतो हे बघण्यात माझं आयुष्य गेलं. लोक समोरच्याचा चेहरा बघतात, चप्पल बघतात, मनगटावरचं घड्याळ बघतात. मी बूड बघतो. हे असं छापील अंकात लिहू का, म्हणून बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "एवढी वर्षं तेच केलंत, आता लाजता कशाला?" म्हणून लिहितो आहे.

जव्हारला एसटी डेपोपासून थोडं खाली उतरलं की माझी पत्र्याची शेड लागते. जीप, ट्रॅक्टर, मोटारसायकल, टेम्पो, ज्याला सीट आहे ते सगळं माझ्याकडे येतं. घराणं शिंप्याचं. वडील सदरे शिवायचे, मी गाड्यांना शिवतो. वडील म्हणायचे की माणसाचे कपडे शिवण्यात मान आहे, गाडीच्या गाद्यांत काय आहे? पण सदरा जरा सैल झाला तरी माणूस वापरतो. सीट बोटभर चुकली की तो दुसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून दारात उभा राहतो.

काम तसं सोपं. बाहेरून रेग्झीन दिसतं, पण सगळी गोम आतल्या फोममध्ये. मांडीखाली घट्ट लागतो, माकडहाडाखाली मऊ, कमरेच्या खोलगट भागात थोडा उंचवटा. हा उंचवटा नेमका कुठे द्यायचा, एवढंच शिकायला मला अर्धी उमर लागली. बाकी कापायला सुरी, शिवायला दाभण आणि बायकोची मशीन. सरळ शिलाई तिची, वाकडी माझी, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आणि ते खरं आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. वांगणीकडचा एक काळी-पिवळीवाला दर पावसाळ्यानंतर यायचा आणि म्हणायचा, "शेठ, गादी लय मऊ नको करू, घाटात झोप येतं." त्याला मी मुद्दाम कडक फोम घालून द्यायचो, आणि मागचे पॅसेंजर मला शिव्या द्यायचे. दवाखान्यातल्या एक सिस्टरबाई होत्या, चणीने लहान. नवी स्कूटर घेतली आणि पाय जमिनीला टेकेनात. सीट इतकी कापली की शेवटी पत्रा हाताला लागला, तेव्हा कुठे त्यांचा अंगठा टेकला. त्या दिवशी त्या शेडभोवती गोल गोल फिरल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. एका सरपंचांना जीपमध्ये उंच बसायचं होतं, बाहेरच्यांना दिसायला हवं म्हणून. उंच करून दिली. पुढे खड्डा आला की डोकं टपाला आपटायचं, पण त्यांनी सीट काही खाली घेतली नाही.

या सरपंचांचं माप घेतानाच मला धंद्यातली मोठी गोष्ट कळली. माप द्यायला म्हणून बसतो तो माणूस खोटं बसतो. पोट आत घेतो, पाठ ताठ करतो, फोटो काढायला बसल्यासारखा. त्या मापाने केलेली सीट आठवड्यात परत येते. म्हणून मी टेप बाजूला ठेवतो, चहा मागवतो आणि गप्पा मारतो. दोन घोट पोटात गेले की माणूस सैल होतो, आपल्या मूळ वळणावर येतो. तेव्हा माप घ्यायचं. मूळव्याध कोणाला आहे, गुडघा कोणाचा गेला आहे, हे मला असंच कळतं. मी कोणाला सांगत नाही. फक्त तिथला फोम कमी-जास्त करतो.

एवढं माहीत असून नंदूच्या वेळी मला कळलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

नंदू हा मोखाड्याच्या एका गुरुजींचा मुलगा. गुरुजी मूळचे सूर्यमाळकडच्या पाड्यातले. शिकले, मास्तर झाले, मोखाड्यात घर बांधलं आणि तिथेच निवृत्त झाले. उंच, सडपातळ, पांढरा सदरा, बोलणं शाळेतल्यासारखं शुद्ध. बायको लवकर गेली. घरात बाप आणि लेक, मध्ये बोलणारं कोणी नाही. नंदूने मास्तर व्हावं असं बापाला वाटत होतं, तसा त्याने प्रवेशही घेतला होता. मग एक दिवस तो ते सोडून ठाण्याकडे एका गॅरेजात लागला. शर्यतीच्या गाड्यांचं गॅरेज. तेव्हापासून दोघांचं बोलणं म्हणजे, जेवलास का, जेवलो, एवढंच.

एका उन्हाळ्यात नंदू टेम्पोत घालून एक गाडी घेऊन आला. गाडी कसली, लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर पातळ पत्रा, चारी चाकं अंगाबाहेर, आणि मध्ये एका माणसापुरतं भोक. गॅरेजात वर्षानुवर्षं पडून होती. मालकाने नंदूला दुरुस्तीला दिली आणि त्याने ती रात्रंदिवस खपून चालती केली.

"काका, सगळं झालं," तो म्हणाला. "फक्त सीट राहिली."

मी आत डोकावलो. "यात माणूस बसतो?"

"आधीचा ड्रायव्हर बुटका होता," तो हसून म्हणाला. नंदू बापासारखा ताडमाड.

त्या गाडीत बसणं हे एक कामच होतं. आधी स्टिअरिंग काढून बाहेर ठेवायचं. मग पाइपांना धरून लोंबकळायचं, दोन्ही पाय बोगद्यात सोडावे तसे पुढच्या नाकाडात सोडायचे आणि खांदे तिरके करत खाली घसरायचं. मग स्टिअरिंग परत बसवायचं. बसायचं कसलं, निजायचंच. पाय थेट पुढे, गुडघे जरासे वाकलेले, तळवे पेडलवर. दोन्ही बाजूंनी पाइप बरगड्यांना लागतात. पाठीमागे पेट्रोलची टाकी.

नंदूने मला समजावलं. जीपच्या सीटचं काम आराम देणं, या सीटचं काम माणसाला धरून ठेवणं. वळणावर अंग बाहेर फेकलं जातं. सीटने धरलं नाही तर ड्रायव्हर स्टिअरिंगला लोंबकळतो, मग वळवणार काय? आणि ब्रेकला इतका जोर लागतो की पाठीमागे घट्ट टेकू नसला तर पेडल दाबण्याऐवजी माणूसच मागे सरकतो. पावसाळा संपल्यावर त्याची पहिली शर्यत होती. त्याच्या मालकाने सांगितलं होतं, आधी गाडी नीट चालवून दाखव, मग नाव देऊ.

त्यासाठी त्याने फोम बनवायच्या औषधाचे दोन डबे आणले होते. दोन्ही डब्यांतलं औषध एकत्र ढवळून जाड प्लास्टिकच्या पिशवीत ओतायचं, पिशवी त्या भोकात ठेवायची आणि लगेच ड्रायव्हरने तिच्यावर बसायचं. औषध फुगतं, गरम होतं आणि त्याच्या अंगाचा साचा घेऊन घट्ट होतं. तोवर हलायचं नाही. मला ते फार आवडलं. म्हटलं, एवढी वर्षं आपण उगाच कापत बसलो.

साचा घ्यायच्या दिवशी गुरुजी आले. मोखाड्याहून एसटीने, हातात छत्री. मला म्हणाले, "मी गाडी बघायला आलेलो नाही. पट्टे बघायला आलोय." ड्रायव्हरला आवळून बांधणारे खांद्याचे, कमरेचे पट्टे होते, ते त्यांनी एकेक ओढून पाहिले. मग शेडमधलं लाकडी स्टूल घेतलं आणि गाडीच्या नाकासमोर ठेवून बसले. तिथे वारा येतो, म्हणून पाहुणा नेहमी तिथेच बसतो.

औषध ओतलं. नंदू बसला. फुगलं, घट्ट झालं. मी विचारलं, "कसं आहे?" तो म्हणाला, "बरोबर आहे काका." गुरुजी पुढच्या एसटीने गेले. संध्याकाळी नंदूने गाडी गावाबाहेरच्या माळावर फिरवली आणि कमरेवर हात ठेवून परत आला. कमरेखाली पोकळी राहत होती. ब्रेक दाबला की तो वर उचलला जात होता.

औषध चुकलं असेल असं आम्हाला वाटलं. उरलेल्या औषधातून दुसरा साचा घेतला. गुरुजी पुन्हा पट्टे बघायला आले, पुन्हा स्टुलावर बसले. पुन्हा शेडमध्ये बरोबर आणि माळावर चूक. डबे रिकामे झाले. नंदू भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "मालक दुसऱ्याला बसवंल काका. गाडी मी बांधली नि चालवंल दुसराच." एरवी हसणारं पोर, त्या दिवशी त्याचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "औषध गेलं तर जाऊ दे. मी हाताने कापतो."

माझ्याकडे ट्रॅक्टरच्या सीटचा कडक फोम होता. त्याचे ठोकळे त्या भोकात बसवले. नंदूच्या जुन्या सदऱ्याला पाठभर गेरू चोळला. तो बसला की जिथे फोम टोचतो तिथे लाल डाग उमटायचा, तेवढं तासायचं. पुन्हा बसवायचं, पुन्हा तासायचं. गुरुजी आलेच होते. समोर बसून छत्रीच्या मुठीवर हनुवटी ठेवून बघत होते. नंदू चढत होता, उतरत होता, घामाने भिजला होता, आणि डाग काही केल्या जुळत नव्हते. एकदा इकडे उमटायचे, एकदा तिकडे.

बायको मशीनवर होती. तिने मला हाक मारून आत नेलं आणि हळूच म्हणाली, "अहो, तो पाय कसे पसरेल? बाप समोर बसलाय."

मी बाहेर येऊन पाहिलं. खरंच. नंदूचे तळवे पेडलवर नव्हतेच. पाय आत ओढून, गुडघे वर घेऊन, अंग चोरून बसला होता. आपल्याकडे बापाकडे पाय करून कोणी बसत नाही, पोराला ते शिकवावंही लागत नाही. त्याला स्वतःलाही ते कळत नव्हतं. माळावर एकटा असला की पाय आपोआप सरळ व्हायचे, आणि साचा मात्र आमच्याकडे अंग चोरलेल्या नंदूचा झाला होता. एकदा नाही, दोनदा.

तिढाही बायकोनेच सोडवला. किटली पुढे करून म्हणाली, "गुरुजी, दूध संपलंय. तेवढं डेपोसमोरून आणून देता का?" अख्ख्या मोखाड्याने ज्यांना नमस्कार करायचा, ते गुरुजी किटली घेऊन दूध आणायला गेले.

ते वळणाआड गेले आणि नंदूचे पाय सरळ झाले. मी भराभर तासलं. दोन-तीनदा बसवून उठवलं तेवढ्यात डाग सगळीकडे सारखे उमटले. नंदूने डोळे मिटले, दोन्ही पाय दाबले, अंग जागचं हललं नाही. "काका, धरलं!" तो ओरडला. त्याने इंजिन चालू केलं. पत्रे थरथरले, डेपोतली कुत्री भुंकायला लागली. आम्ही तिघं लहान पोरांसारखे हसत होतो. त्याने इंजिन बंद केलं आणि तेवढ्यात गुरुजी किटली घेऊन दारात आले. नंदूने झटकन पाय ओढून घेतले आणि दोन्ही गुडघे स्टिअरिंगवर आपटले.

"लागलं का?" गुरुजी म्हणाले.

मग बायकोने सरळ सांगून टाकलं. मला वाटलं, आता गुरुजी रागावणार. त्यांनी किटली खाली ठेवली आणि म्हणाले, "नंदू, मी सांगतो ना. पसर."

नंदूने प्रयत्न केला. पाय अर्ध्यात थांबले. "होत नाय नाना," तो म्हणाला.

गुरुजींनी स्टूल उचललं, गाडीला वळसा घातला आणि ते मागे, टाकीच्या बाजूला ठेवून बसले. तिथून त्यांना नंदूच्या डोक्याचा मागचा भाग तेवढा दिसत असणार. "आता?" त्यांनी विचारलं. नंदूचे पाय सरळ झाले.

त्या दुपारी मी कडा गोल करत होतो, बायको वरचं कापड शिवत होती आणि ते दोघे बोलत होते. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती म्हणून असेल, पण बोलत होते. नंदू भिंतीकडे बघून बोलायचा, गुरुजी त्याच्या मानेकडे बघून.

"भीती वाटते का रे?"

"वाटते नाना."

"मग?"

"वाटते तरी बसावंसं वाटतं."

थोड्या वेळाने गुरुजी म्हणाले, "मलाही पहिल्या दिवशी वर्गात जायची भीती वाटली होती. पाड्यातला मी, पोरं हसतील असं वाटायचं." नंदूने हे कधी ऐकलेलं नव्हतं. तो मान वळवायला लागला तर मी ओरडलो, हलू नको. मग गुरुजींनी विचारलं, "शर्यतीला मी आलो तर चालेल का?"

नंदू म्हणाला, "या की. पण मागं बसाल ना?"

दोघंही हसले. गुरुजींना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मी फार खूश होतो. सीट बसली म्हणून, आणि दुसरंही काहीतरी जागच्या जागी बसलं म्हणून. नंदूने मालकाला गाडी दाखवली, नाव दिलं गेलं. पावसाळाभर गाडी माझ्याच शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवली, कारण मोखाड्याच्या घरी तिला जागा नव्हती. गुरुजींनी शर्यतीला जायला नवी चप्पल घेतली, असं नंदू मला सांगत होता.

पाऊस सरत आला होता तेव्हा नंदू मोटारसायकलवरून घरी यायला निघाला. साधी मोटारसायकल, तिची सीटही मीच शिवलेली. घाटात वळणावर पावसाने वाहून आलेली खडी पसरली होती. समोरून कोणी आलं नाही, कोणी धडक दिली नाही. चाक घसरलं, एवढंच. ज्या गाडीची बापाला धास्ती होती, ती ताडपत्रीखाली उभी होती. जे पट्टे गुरुजी ओढून ओढून बघत होते, ते तिच्यात तसेच होते.

मी आणि बायको मोखाड्याला गेलो. पडवीत नंदूला ठेवलं होतं. माणसं दाटली होती. कोणीतरी गुरुजींना म्हणालं, उशाशी बसा. ते बसले नाहीत. पायाशी बसले. नंदूचे पाय सरळ, बापाच्या दिशेने. गुरुजींनी त्या दोन्ही तळव्यांवर हात ठेवले होते. बाकी कोणाला त्यात काही वाटलं नसेल. बायको माझा हात धरून रडायला लागली, आणि मीही रडलो. मोठ्याने रडलो. एवढ्या माणसांत लाज वाटली नाही.

दिवाळी झाल्यावर गॅरेजचा मालक गाडी न्यायला आला. भला माणूस. म्हणाला, नंदूचं नाव पत्र्यावर तसंच ठेवीन, पण गाडी उभी राहून कुजेल, ती पळायला हवी. नवा ड्रायव्हर ठेंगणा होता, त्यामुळे सीट काढावी लागणार होती. मी गुरुजींना निरोप धाडला. ते एसटीने आले. छत्री नव्हती. पायात ती नवी चप्पल होती.

मी ताडपत्री काढली. सीट अजून आतच होती. बायकोने शिवलेलं कापड, आणि कडेला कुठेतरी गेरूचा फिकट डाग राहिला होता. मालक टेम्पो आणायला बाहेर गेला. मी गुरुजींसाठी स्टूल आणून वाऱ्याच्या बाजूला, नेहमीसारखं गाडीच्या नाकासमोर ठेवलं.

गुरुजींनी ते उचललं. गाडीला वळसा घालून मागे गेले, टाकीच्या बाजूला ठेवलं आणि बसले.

"गुरुजी, पुढे बसा ना," मी म्हणालो. "वारा येतो तिथे."

"नको," ते म्हणाले. "समोर बसलो की त्याला अवघडतं."